डावी बाजू

त्रिएस्तच्या बंदरामागे, जुन्या मीठगोदामात
रेडिओच्या तबकड्या ठेवल्यात.
नेरीना कोशुता आठला येते, हातमोजे चढवते,
मऊ कुंचल्यानं काळ्या लाखेवरची धूळ टिपते,
तान्ह्याचं कपाळ पुसावं तशी.

आज एकच रचना, तीनदा मुद्रित झालेली:
डाव्या हातासाठी पियानो, भोवती सगळा वाद्यवृंद.
वादक तोच. नाव मात्र दर लेबलावर निराळं.
छत्तीस साली सिल्व्हिओ क्रोवातीनी,
कारण मूळ आडनाव तेव्हाच्या सरकारला बोचत होतं.
सत्तेचाळीसला नुसती आद्याक्षरं, परक्या लष्कराच्या शिक्क्याखाली.
त्रेपन्नला कुणीतरी लिहिलंय सिल्वेस्तर ह्रोवातिन,
पेन्सिलीनं.
पुन्हा खोडायची वेळ आलीच तर.

उजवा हात गॅलिशियात राहिला, बिटाच्या एका शेतात.
त्याबद्दल तो बोलत नसे.
बीट मात्र उभ्या जन्मात पुन्हा तोंडाला लावलं नाही.

पहिली तबकडी.
सुई टेकते, आधी कढईत काही तळल्याचा आवाज,
मग खालून, मंद्राच्याही खालून
एकटा हात चढू लागतो,
दोघांचं सामान घेऊन जिना चढणाऱ्या हमालासारखा.
अंगठा गातो. बाकीची चार बोटं ओझी वाहतात.
डोळे मिटले तर दोन हात ऐकू येतात,
कधी कधी तीन.
इथल्या भाषेत डाव्याचा शब्द अशुभालाही चालतो,
आपण त्यातूनच डावलणं काढलं.
हाताला यातलं काही ठाऊक नाही.
तो चढतो.

चार मिनिटं झाली की सूर तुटतो.
नवं मेण लावेपर्यंत साठ माणसं श्वास धरून,
आणि तो, पंजा मांडीवर पालथा.
मग तुटल्या जागेवरूनच पुढे.
शिंप्याला उसवण दिसते तसे नेरीनाला हे सांधे ऐकू येतात.

आणि एक टिक्.
हात वरच्या सप्तकाकडे झेपावला की, टिक्.
भिंगाखाली पाहिलं, चरा नाही.
डोंगरावरून कोसळणाऱ्या बोरा वाऱ्यानं खिडकी हलली असेल,
पण वारा इतका तालात कधी असतो?
तिनं त्या सगळ्या पुसून टाकल्या. एकशे बारा.

दुपारी त्याच्या भाचीला फोन केला,
खरं तर तारखेसाठी. ओघात विचारलं.
पलीकडे म्हातारी हसली, खोकली, पुन्हा हसली.
"बाहीचं बटण गं ते!
रिकामी बाही मामा खोचून घेत नसे.
वर वळला की ती मागून यायची, लाकडावर आपटायची.
मामी चिडायची, म्हणायची, टाके घालून टाकते.
तो म्हणे, राहू दे, तिलाही वाजवायचंय."

एकशे बारा टिक् परत जागेवर बसवायला
गुरुवार गेला, शुक्रवारचा अर्धा दिवस गेला.
नोंदवहीत 'दोष' या रकान्यात तिनं बटण लिहिलं होतं.
खोडलं. 'वाद्ये' या रकान्यात लिहिलं.

सत्तेचाळीसच्या तबकडीतही ते आहे, जरासं उशिरा येतं,
पोक्त झाल्यासारखं.

त्रेपन्नला नाही.
तोवर फीत आली होती, मध्ये थांबावं लागत नव्हतं,
सूर अखंड, स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही.
नेरीनानं दोनदा ऐकलं. कान टिकच्या जागी जाऊन
रिकामे परत आले.
मामीनं टाके घातले की मामी गेली,
की त्या दिवशी सदरा दुसरा होता?
फोन जवळच होता. तिनं उचलला नाही.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
शेवटी सभागृह उसळतं, फीत तो कल्लोळ पेलत नाही, फाटते,
आणि त्यात, ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ,
कुणी पियानोच्या लाकडावर पंजा आपटतंय
वादकांसाठी,
तीनदा,
मग थोडं थांबून
चौथ्यांदा.